बाल्साच्या सांगाड्यावर रेशीम चढवताना: घरी केलेल्या लहान विमानाच्या कापडकामाची पायरीवार माहिती

बाल्सा लाकडाच्या पट्ट्या कापून, एकामागून एक बरगड्या चिकटवून विमानाचा सांगाडा उभा केला की अवघड काम संपले, असे बहुतेक नवशिक्यांना वाटते. मलाही तसेच वाटले होते. प्रत्यक्षात सांगाड्याला खरा ताठपणा येतो तो त्यावर कापड चढल्यानंतरच. उघडा पंख दोन्ही टोकांना धरून हलकेच पिळून पाहा, तो सहज पिळला जातो. त्याच पंखावर रेशीम नीट ताणून बसले आणि त्यावर डोपचे (कापड ताठ करणाऱ्या लॅकरसारख्या द्रावणाचे) चार हात फिरले, की हाताला जाणवेल इतका फरक पडतो. कापड हा विमानाचा पोशाख नसून त्याच्या बांधणीचा भाग आहे. ते ज्या बाजूने जास्त ओढते त्या बाजूला पंख वळतो, आणि वळलेल्या पंखाचे विमान सरळ उडत नाही. पुढे दिलेल्या जवळजवळ सर्व सूचना या एकाच गोष्टीतून निघालेल्या आहेत.

मोठ्या विमानांचा इतिहासही हेच सांगतो. राइट बंधूंनी 1903 च्या विमानावर मलमल चढवताना तिचे धागे मुद्दाम तिरपे ठेवले, कारण तिरपे धागे सांगाड्याला तिरक्या आधारासारखे धरून ठेवतात. दुसऱ्या महायुद्धातील मॉस्किटो या लाकडी विमानावर मदापोलम नावाचे तलम सुती कापड डोपने चिकटवत असत, आणि हे नाव आंध्रातील नरसापूरजवळच्या गावावरून पडलेले आहे. 1958 साली प्रथम उडालेले आणि पुढे आपल्याकडच्या अनेक फ्लाइंग क्लबांमध्ये शिकवण्यासाठी वापरले गेलेले एचएएलचे पुष्पक विमानही कापड चढवलेलेच होते.

मी येथे उदाहरणासाठी 120 सेंटिमीटर लांब आणि 20 सेंटिमीटर रुंद पंखाचे, खालून सपाट पंखाचे, विजेच्या मोटरवर चालणारे विमान धरले आहे. तुमचे विमान लहान-मोठे असले तरी क्रम बदलत नाही.

1. कापड निवडणे

वजनाचा हिशेब आधी करावा. वर सांगितलेल्या विमानाचा पंख, शेपटी आणि धड मिळून सुमारे पाऊण चौरस मीटर पृष्ठभाग झाकायचा असतो. नवशिक्याला घरातले सुती कापड वापरण्याचा मोह होतो, पण मांजरपाट किंवा पॉपलिनचे वजन चौरस मीटरला शंभर ग्रॅमच्या पुढे जाते आणि त्याची वीण भरून काढायला डोपही खूप लागतो. असे विमान जमिनीवर सुंदर दिसते आणि तिथेच राहते.

लहान विमानासाठी तलम हबोताई रेशीम हे माझ्या मते सर्वांत समाधान देणारे कापड आहे. रेशमाचे वजन मोमी या मापात सांगतात. 1 मोमी म्हणजे चौरस मीटरला सुमारे 4.34 ग्रॅम. आपल्याला 5 मोमीचे रेशीम हवे, म्हणजे चौरस मीटरला 22 ग्रॅमच्या आसपास. पाऊण चौरस मीटरला ते 17 ग्रॅमपेक्षा कमीच भरते. दुकानात सहज मिळणारे 8 मोमीचे रेशीम चौरस मीटरला 35 ग्रॅमपर्यंत जाते. दीड मीटरहून मोठ्या पंखाला ते चालेल, लहान विमानाला नको. पंखाचा विस्तार 90 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर रेशमाऐवजी टिश्यू कागद (हात पुसण्याचा नव्हे, लहान विमानांसाठीचा तलम, चिवट कागद) घेणे शहाणपणाचे ठरते.

येथे पहिला मोठा सापळा आहे. रेशीम म्हणून विकले जाणारे पुष्कळ कापड प्रत्यक्षात पॉलिएस्टर असते. खरे रेशीम ओले असताना सैल पडते आणि वाळताना आवळते. आपली सारी पद्धत या गुणावर उभी आहे. पॉलिएस्टर पाण्याने आवळत नाही, त्याला उष्णता लागते. म्हणून दोन मीटर कापड घेण्यापूर्वी काठाचे दोन-तीन धागे मागून घ्यावेत आणि घरी चिमट्यात धरून जाळून पाहावेत. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि त्याची राख बोटांनी चुरडली जाते. पॉलिएस्टर वितळते आणि टोकाला कडक मणी तयार होतो. सूत कागदासारखे जळते. ही चाचणी ज्या खोलीत थिनर ठेवले आहे तेथे करू नये.

2. साहित्य गोळा करणे

कापड हाती घेण्यापूर्वी पुढील सर्व वस्तू टेबलावर असाव्यात, कारण ओले रेशीम पंखावर पसरल्यानंतर ब्रश शोधायला वेळ मिळत नाही.

- 5 मोमीचे हबोताई रेशीम, दोन मीटर. शेपटीसाठी टिश्यू कागदाचे दोन ताव
- नायट्रेट डोप, किंवा ते न मिळाल्यास एनसी (नायट्रोसेल्युलोज) क्लिअर लॅकर, अर्धा लिटर
- त्याच लॅकरचे एनसी थिनर, एक लिटर
- एरंडेल तेलाची लहान बाटली आणि सुईविना सिरिंज
- 25 मिलिमीटर रुंदीचे मऊ केसांचे दोन चपटे ब्रश
- 220, 320 आणि 400 नंबरचे पॉलिश पेपर, आणि सपाट ठोकळा
- नवी दाढीची पाती किंवा हस्तकलेचा चाकू, भरपूर सुट्या पात्यांसह
- पंखापेक्षा लांब, अजिबात बाक नसलेली लाकडी फळी, जाड पॉलिथिन आणि टाचण्या
- एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा
- रासायनिक वाफ अडवणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क आणि नायट्राइलचे हातमोजे

डोपविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. नायट्रेट डोप म्हणजे द्रावकात विरघळवलेले नायट्रोसेल्युलोज. आपल्याकडे ते प्रत्येक गावात मिळत नाही, मात्र फर्निचरचे पॉलिश करणारे कारागीर जे एनसी क्लिअर लॅकर वापरतात त्याचाही पाया नायट्रोसेल्युलोजच असतो. लॅकरमध्ये राळ मिसळलेली असल्याने त्याचा थर काळाने अधिक ठिसूळ होतो. त्यावर उपाय म्हणजे एरंडेल. पातळ केलेल्या 100 मिलिलीटर लॅकरमध्ये मी 1 ते 2 मिलिलीटर एरंडेल घालतो. ते थराला लवचिकता देते आणि नंतर महिनोन्महिने चालणारे आवळणेही कमी करते. एरंडेल जास्त झाले तर पृष्ठभाग चिकट राहतो, म्हणून अंदाजाने ओतू नये, सिरिंजने मोजून घालावे.

रंगाच्या दुकानात "हेच चालेल" म्हणून मेलामाइन किंवा पीयू पॉलिश हातात दिले जाते. ते घेऊ नये. आपल्या पद्धतीत सांगाड्यावरचा सुकलेला थर नंतरच्या थिनरने पुन्हा विरघळून कापडाला पकडतो. मेलामाइन आणि पीयू एकदा पक्के झाले की पुन्हा विरघळत नाहीत. टर्पेंटाइनही चालत नाही, त्याने लॅकर पातळ होण्याऐवजी फाटते. आणि विमानात कोठेही थर्माकोल वापरले असेल, तर डोप आणि थिनर त्याला काही क्षणांत विरघळवून टाकतात. तेवढा भाग वेगळा ठेवावा.

मोटरऐवजी मिथेनॉलवर चालणारे इंजिन असेल तर नायट्रेट थरावर शेवटी इंधनाला दाद न देणारा वेगळा थर द्यावा लागतो. त्यासाठी ब्युटिरेट हे दुसऱ्या प्रकारचे डोप नायट्रेटवर लावता येते, परंतु ब्युटिरेटवर नायट्रेट धरत नाही. विजेच्या मोटरला याची गरज पडत नाही.

3. जागा आणि हवामान

थिनरच्या वाफा जड असतात, जमिनीलगत पसरतात आणि लवकर पेट घेतात. स्वयंपाकघर, देवघरातील निरांजन, उदबत्ती, डासांची कॉइल, गीझर यांपैकी काहीही त्या खोलीत किंवा शेजारच्या उघड्या खोलीत पेटलेले नसावे. दोन समोरासमोरच्या खिडक्या उघड्या असाव्यात. कापडी मास्क वाफ अडवत नाही. भिजलेली चिंधी घरात कचऱ्याच्या डब्यात टाकू नये, बाहेर मोकळ्या जागी वाळू द्यावी. घरात लहान मुले असतील तर हे काम ती शाळेत असताना करावे. बंद करून एसी लावलेली खोली सोयीची वाटते, पण तिथे वाफ साचते; हा मार्ग धोक्याचा आहे.

हवामानाची चूक मी स्वतः केलेली आहे, आणि ती सांगणे मला महत्त्वाचे वाटते. माझा पहिला पंख मी रत्नागिरीत ऐन श्रावणात केला. डोपचा पहिला हात फिरवला तेव्हा पंख काचेसारखा दिसत होता. दहा मिनिटांत तो पातळ ताकासारखा पांढरट झाला. कारण साधे आहे: थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड करते, दमट हवेतील बाष्प त्यावर जमते आणि ते नायट्रोसेल्युलोजला पांढरे पाडते. असा थर दिसायला वाईट असतो, आणि त्याहून वाईट म्हणजे तो कमकुवत असतो.

कोकणात आणि मुंबईत हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत दुपारी करावे. देशावर पावसाळा सोडून बहुतेक काळ चालतो. घाईच असेल तर रंगाच्या दुकानात रिटार्डर म्हणून संथ वाळणारे थिनर मिळते, ते नेहमीच्या थिनरमध्ये दहा-वीस टक्के मिसळावे. पांढरटपणा आलाच, तर कोरड्या दिवशी त्या भागावर केवळ थिनर आणि रिटार्डर यांचा हलका हात फिरवला की थर पुन्हा विरघळतो आणि बहुतेक वेळा साफ होतो.

4. सांगाडा घासणे

तलम रेशमाखाली काहीही लपत नाही. बरगडीवर राहिलेला गोंदाचा थेंब, अर्धा मिलिमीटर वर आलेली पट्टी, टाचणीने उठलेली कडा, हे सर्व कापड आवळल्यावर सुजलेल्या जागेसारखे उठून दिसते. 220 नंबरचा पॉलिश पेपर लांब ठोकळ्यावर चिकटवून एका वेळी तीन-चार बरगड्यांवरून फिरवावा, म्हणजे सर्व एका पातळीत येतात. एकेक बरगडी बोटाने धरलेल्या कागदाने घासली तर तिच्यात खळगा पडतो. मग डोळे मिटून सांगाड्यावरून बोटे फिरवावीत. डोळ्यांना न दिसलेला उंचवटा बोटांना सापडतो.

याच वेळी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे टोकाची बरगडी. कापड आवळले की ते शेवटच्या बरगडीला आतल्या बाजूला ओढते, आणि तिला मागे आधार नसेल तर ती धनुष्यासारखी वाकते. तिच्या कोपऱ्यांत बाल्साचे लहान त्रिकोणी तुकडे बसवावेत. दुसरी म्हणजे मागची कड. ती फार पातळ असेल तर दोन बरगड्यांच्या मध्ये आत खेचली जाऊन कंगोऱ्यांसारखी दिसू लागते. कड बदलणे आताच शक्य आहे.

सांगाड्यात पीळ असेल तर तो कापड चढवण्यापूर्वीच काढावा. "कापड ताणून सरळ करू" हा विचार करू नये. सांगाडा पाण्याने मऊ होणाऱ्या पांढऱ्या गोंदाने जोडलेला असेल तर सांधे ओल्या रेशमाखाली ढिले पडू शकतात. पुढच्या पायरीत त्या सांध्यांवर डोप विशेष काळजीने लावावे.

5. सांगाड्याला डोपचे हात

डोप आणि थिनर समप्रमाणात घेऊन, एरंडेल न घालता, जिथे जिथे कापड टेकणार आहे त्या प्रत्येक लाकडी पृष्ठभागावर तीन हात द्यावेत: पुढची कड, मागची कड, बरगड्यांचे माथे, पंखाचा मधला भाग आणि टोके. पहिल्या हातानंतर बाल्साचे रोम उभे राहतात आणि लाकूड खरखरीत होते. तासाभराने 320 नंबरने हलकेच घासावे आणि दुसरा हात द्यावा. तिसऱ्या हातानंतर लाकडाला मंद चकाकी आली की काम झाले.

नवशिके ही पायरी कंटाळून एका हातात उरकतात आणि नंतर कापड सुटते. सँडिंग सीलरही (लाकडाची छिद्रे भरणारे अस्तर) या जागी नको, कारण घासायला सोपे जावे म्हणून त्यात मिसळलेली पूड पकड कमी करते. डोप रात्रभर वाळू द्यावे.

6. रेशीम धुणे आणि बेतणे

बाजारातून आलेल्या रेशमाला खळ असते. रिठ्याच्या कोमट पाण्यात ते हलक्या हाताने धुवावे, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावे, आणि किंचित दमट असतानाच कमी उष्णतेच्या इस्त्रीने सरळ करावे. पडलेली घडी तशीच राहिली तर डोपखाली कायमची रेघ उमटते.

कापडाची किनार पाहून ताणा आणि बाणा ओळखावा. किनारीला समांतर जाणारे धागे ते ताण्याचे. ताणा पंखाच्या लांबीला समांतर ठेवावा, कारण त्यामुळे दोन बरगड्यांमध्ये कापड कमी खचते. राइट बंधूंची तिरप्या धाग्यांची रीत आपल्या लहान पंखाला लागत नाही, आणि तिरपे कापड नवशिक्याच्या हातात वेडेवाकडे ताणले जाते.

पंखाच्या डाव्या आणि उजव्या भागांचे, प्रत्येकाचे वर-खाली असे चार तुकडे करावेत. प्रत्येक तुकडा चारही बाजूंनी 4 सेंटिमीटर जास्त ठेवावा. पंखाची दोन्ही टोके मध्यापेक्षा वर उचललेली असल्याने एकाच अखंड कापडात पंख झाकायचा प्रयत्न करू नये. मधोमध चुणी पडते आणि ती काढता येत नाही. चारही तुकड्यांवर ताण्याची दिशा पेन्सिलीने काठाशी खुणेने दाखवावी.

7. खालची बाजू

सुरुवात नेहमी खालच्या बाजूने करावी, म्हणजे वरच्या कापडाची कड खालच्या कडेवर येते आणि शिवण वरून दिसत नाही.

तुकडा पाण्यात बुडवून टॉवेलमध्ये दाबावा. तो ओला असावा, ठिबकणारा नसावा. दोन हातांनी चारही कोपरे धरून तो पंखावर अलगद सोडावा. ओले रेशीम सांगाड्याला बिलगते आणि त्यातून बरगड्या स्पष्ट दिसू लागतात. धागे सरळ आहेत की नाही हे याच क्षणी तपासावे, कारण आत्ता ते उचलून पुन्हा ठेवता येते.

आता ताणण्याचा क्रम पाळावा. प्रथम मधल्या बरगडीशी कापड धरून टोकाकडे ओढावे आणि दोन्ही ठिकाणी विरळ डोप ब्रशने कापडाच्या वरूनच दाबून लावावे. थिनर कापडातून खाली झिरपते, सांगाड्यावरचे सुकलेले डोप मऊ करते आणि दोन्ही एकजीव होतात. बोटाने अर्धा मिनिट दाबून धरावे. मग पुढच्या कडेच्या मध्यावर आणि समोरच मागच्या कडेच्या मध्यावर चिकटवावे, आणि तेथून दोन्हीकडे थोडे थोडे सरकावे, जणू ढोलाचे चामडे समोरासमोर आवळत आहोत. एक पूर्ण कड आधी चिकटवून मग दुसरीकडे गेले तर कापड तिरके ओढले जाते.

फार जोर लावू नये. सुरकुत्या गेल्या की पुरे. उरलेले आवळण्याचे काम रेशीम वाळताना स्वतः करते. ओल्या कापडावर डोप लावल्याने कडेला पांढरे डाग पडतात, त्यांनी घाबरू नये, पुढच्या हातांत ते नाहीसे होतात.

पंखाची खालची बाजू सपाट नसून आत वळलेली असेल, तर कापड प्रत्येक बरगडीला चिकटवलेच पाहिजे. तसे केले नाही तर आवळताना ते बरगड्यांपासून सुटून सरळ ताणले जाते आणि पंखाचा मूळ आकारच बदलतो.

8. कड कापणे आणि वरची बाजू

कापड पूर्ण वाळल्यावर जास्तीची कड कापावी. ओले रेशीम पात्याखाली कापले न जाता ओढले जाते आणि धागे निघतात. पाती नवी असावी. मी एका पंखाला चार-पाच पाती वापरतो आणि त्यात कंजुषी करत नाही. कडेवर 5 मिलिमीटर कापड वळवून डोपने बसवावे आणि सुकल्यावर 400 नंबरने हलके घासावे.

त्यानंतर त्याच रीतीने वरची बाजू. वरची बाजू गोलाईची असल्याने कापड टोकाशी गोळा होते. तिथे ते पुन्हा थोडे ओले करून बोटाने ओढत राहावे. ओले रेशीम आश्चर्य वाटेल इतके वळते. अगदीच वळेना तर टोकाच्या कडेला लहान काप द्यावेत आणि ते एकमेकांवर बसवावेत. वरचे आणि खालचे कापड एकाच दिवशी चढवणे उत्तम. एका बाजूला तंग कापड आणि दुसरी बाजू उघडी अशा अवस्थेत पंख रात्रभर राहिला तर सकाळी तो वळलेला मिळतो.

9. फळीवर वाळवणे

ज्या पायरीवर सर्वाधिक पंख बिघडतात ती ही. दोन्ही बाजू चढल्यावर पंखावर पाण्याचा बारीक फवारा मारावा आणि तो ओला असतानाच फळीवर बसवावा. पंखाचे दोन भाग एकमेकांशी कोनात असल्याने एका वेळी एकच भाग फळीवर सपाट बसतो. दुसरा भाग वर राहतो. म्हणून फवारा मारणे आणि वाळवणे दोन्ही भागांचे वेगवेगळे करावे. फळीवर पॉलिथिन अंथरावे आणि पंखाखाली सारख्या जाडीच्या बाल्साच्या पट्ट्या ठेवाव्यात, म्हणजे खालून हवा खेळते. टाचण्या कापडात न टोचता कडेला लागून तिरप्या माराव्यात, किंवा कडांवर पुस्तकांचे वजन ठेवावे.

टोकाशी मागच्या कडेखाली 3 मिलिमीटरची चकती सरकवावी. यामुळे पंखाचे टोक मधल्या भागापेक्षा किंचित कमी कोनात राहते, वेग कमी झाला तरी टोके शेवटपर्यंत उचल धरतात, आणि विमान एका पंखावर कोसळत नाही. चकती दोन्ही टोकांना नेमकी सारख्या जाडीची असावी.

वाळताना बरगड्यांमधील सैलपणा हळूहळू जातो, आणि पूर्ण वाळल्यावर बोटाने टिचकी मारली तर लहानशा डफासारखा आवाज येतो. हा आवाज सर्वत्र सारखा येत असेल तर ताण सारखा आहे. दोन बरगड्यांमधल्या एखाद्या घरात आवाज बसका येत असेल तर तेवढ्या भागावर पुन्हा पाणी मारून वाळू द्यावे. डोपनंतर ही दुरुस्ती करता येत नाही.

10. डोपचे हात

आता डोपमध्ये एरंडेल घालून घ्यावे. पहिल्या हाताला डोप आणि थिनर समप्रमाणात, आणि ब्रश जवळजवळ कोरडा असावा. रेशमाची छिद्रे अजून उघडी असतात. भरलेला ब्रश फिरवला तर डोप आतून खाली उतरते, खालच्या कापडाच्या आतल्या बाजूला थारोळे साचते आणि ते सुकताना तिथे कायमच्या चुण्या पाडते. ब्रश डब्याच्या काठावर निथळून, एकाच दिशेने, एका जागी एकदाच फिरवावा.

वरची बाजू झाली की लगेच खालची बाजू करावी. दोन्ही बाजूंना समान हात, समान दिवशी, हा नियम मोडू नये. तासाभराने पंख पुन्हा फळीवर ठेवावा. दुसरा आणि तिसरा हातही असेच द्यावेत. तिसरा हात रात्रभर वाळल्यावर 400 नंबरने केवळ उभे राहिलेले रोम काढावेत. बरगड्यांवर कागद दाबू नये, तिथे रेशीम लगेच झिजून फाटते. नंतर चौथा हात. पंख दिव्यासमोर धरून पाहावा: टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशबिंदू दिसत असतील तर पाचवा हात लागेल, दिसत नसतील तर थांबावे.

थांबणे महत्त्वाचे आहे. प्रत्येक हातानंतर पंखाचे वजन करून लिहून ठेवावे. माझ्या 120 सेंटिमीटरच्या पंखावर चार हातांत सुकलेल्या डोपचे वजन 14 ग्रॅम आले. आणखी दोन हात चकाकीसाठी दिले असते तर उड्डाणाला त्याचा काही उपयोग नव्हता. रंगाची हौस असेल तर रेशीमच आधी रंगवून घ्यावे, म्हणजे रंगाचे वजन जवळजवळ शून्य राहते.

शेवटच्या हातानंतर पंख निदान चार-पाच दिवस फळीवरच ठेवावा, दोन्ही भागांना आळीपाळीने. माझा श्रावणातला तो पंख मी हौसेपोटी त्याच संध्याकाळी फळीवरून काढून भिंतीला टेकवून ठेवला होता. आठवड्याभरात त्याच्या उजव्या टोकाला बोटभर पीळ पडला. डोप हाताला कोरडे लागले तरी आतून अनेक दिवस आवळत असते.

11. शेपटी आणि धड

शेपटीला रेशीम नको, टिश्यू कागद लावावा आणि त्याला डोपचे दोनच पातळ हात द्यावेत. शेपटी विमानाच्या समतोल बिंदूपासून 55 सेंटिमीटर मागे आणि बॅटरी 20 सेंटिमीटर पुढे असेल, तर शेपटीत वाढलेल्या प्रत्येक ग्रॅमसाठी नाकात सुमारे पावणेतीन ग्रॅम भरावे लागतात. शिवाय शेपटीचा सांगाडा इतका नाजूक असतो की रेशमाचा ताण त्याला सहज वाकवतो. कागद दोन्ही बाजूंना लावून शेपटी दोन फळ्यांमध्ये, मध्ये पॉलिथिन ठेवून, वाळवावी.

धडावर काम सोपे आहे: प्रथम खालची बाजू, मग दोन्ही कुशी, शेवटी वरची बाजू. दोन्ही कुशी एकाच बैठकीत कराव्यात, म्हणजे धड केळ्यासारखे वाकत नाही. पंख जिथे धडावर चिकटवायचा आहे तिथले कापड काढून लाकूड उघडे ठेवावे; कापडावर चिकटवलेला पंख फक्त कापडालाच धरून राहतो.

12. पीळ तपासणे आणि काढणे

पंख हातभर अंतरावर धरून मागून पाहावा. मागची कड पुढच्या कडेला समांतर दिसली पाहिजे, टोकाशी किंचित उचललेली, आणि दोन्ही बाजूंना सारखी. अनपेक्षित पीळ आढळल्यास, डोप लावून निदान आठवडा झाल्यावर, पाणी उकळत्या भांड्याच्या वाफेवर तो भाग धरावा. विजेची किटली वापरावी. गॅसच्या ज्योतीजवळ नायट्रेट डोपचा पंख नेऊ नये, सुकलेला थरही झपाट्याने पेटतो. वाफेने थर मऊ झाला की पंख उलट दिशेने, हव्या त्याहून थोडा जास्त, पिळून धरावा आणि पूर्ण थंड होईपर्यंत तसाच ठेवावा. एका वेळी न जमल्यास पुन्हा करावे.

13. फाटले तर

गवतात उतरताना काटक्या लागतात आणि रेशीम फाटते. फाटलेल्या कडा विरळ डोपने जागेवर बसवाव्यात, त्यावर चहूकडून एक सेंटिमीटर मोठे, कडा दातेरी कापलेले रेशमाचे ठिगळ ठेवावे आणि वरून थिनर मिसळलेले डोप दाबावे. ठिगळाचा ताणा पंखाच्या ताण्याला समांतर ठेवावा. बरगडीच तुटली असेल तर त्या घराचे कापड दोन्ही बाजूंच्या बरगड्यांच्या माथ्यांच्या मध्यापर्यंत कापून काढावे, बरगडी जोडावी आणि तेवढ्या चौकोनात नवे रेशीम ओले करून चढवावे. या कामासाठी मूळ रेशमाचा हातभर तुकडा धुऊन, सुती कापडात गुंडाळून, विमानाच्या खोक्यातच ठेवावा.